आपल्याकडं आहे की!

२०२५ च्या फेब्रुवारीत चीननं टंगस्टनच्या निर्यातीला परवान्याचं कुलूप घातलं. त्यानंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या चहाच्या टपरीवर इन्सर्टच्या भावाचा विषय रोजचा झाला. इन्सर्ट म्हणजे लेथवर, सीएनसीवर लोखंड कातणारा बोटाच्या पेराएवढा त्रिकोणी-चौकोनी तुकडा. एक दिवस दोन शेडमालक बोलत होते. एक म्हणाला, "परत वाढवला की रे रेट." दुसऱ्यानं कपातला शेवटचा घोट घेतला आणि मोबाइल पुढं केला. देशात टंगस्टन कुठं कुठं सापडतं याची कसलीशी बातमी होती आणि तीत कर्नाटकाचा नंबर पहिला. "एवढं काय घाबरतोस? आपल्याकडं आहे की!"

हे 'आहे की' आमच्या भागाचं खास. पुण्याकडं 'आहे ना' म्हणतात तेव्हा पुढं बोलायला जागा राहते. आमच्या 'की'नंतर वाद संपतो, माणसं उठून कामाला लागतात. त्या दिवशीही उठली. मला मात्र तो 'आहे' दिवसभर टोचत राहिला. एखादं खनिज एखाद्याकडं 'आहे', असं म्हणायला नेमकं काय काय लागतं?

शाळेत टंगस्टन शिकलो ते बल्बच्या तारेपुरतं. ३४२२ अंश सेल्सिअसला वितळणारा धातू, सगळ्या धातूंत जास्त, म्हणून तार पांढरी होईतो तापते पण वितळत नाही. एवढं लिहिलं की दोन गुण मिळायचे. आता घरोघरी एलईडी आले, पिवळे बल्ब देवघरातूनही गेले, तरी टंगस्टनची मागणी घटली नाही. तारेत जाणारा वाटा पहिल्यापासूनच चिमूटभर होता. जगातलं निम्म्याहून अधिक टंगस्टन जातं कार्बाइडमध्ये. टंगस्टन आणि कार्बन यांची पूड, तिला चिकटवायला थोडं कोबाल्ट, दाबून भट्टीत भाजलं की अतिशय कठीण वस्तू तयार होते. १९२० च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीनं ती बाजारात आणली आणि 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून नाव ठेवलं विडिया. १९६० च्या दशकात त्या नावाचा कारखाना बंगळूरला आला. आमच्याकडचे जुने टर्नर आजही कुठल्याही कंपनीच्या कार्बाइडला विडियाच म्हणतात. 'विडिया टिप लावून आण' म्हटलं की पोरगा बरोबर तांब्यानं ब्रेझिंग केलेलं टूल घेऊन येतो.

बेळगावची फौंड्री आणि मशीनशॉप या एका वस्तूवर चालतात. मच्छे, उद्यमबाग, ऑटोनगर इथल्या भट्ट्यांतून निघालेलं बिडाचं कास्टिंग, हायड्रॉलिकचे भाग, पंपांची अंगं, सगळ्यांना शेवटचा आकार हा तुकडा देतो. खानापूर-हुक्केरीच्या शेतकऱ्याचाही त्याच्याशी संबंध आहे. बोअर मारायला येणाऱ्या तिरुचेंगोडच्या गाड्यांच्या बिटवर जी गोल बटणं असतात, ती कार्बाइडचीच. पाचशे फुटांवर पाणी लागो न लागो, बटणं झिजतातच.

आता हे टंगस्टन पृथ्वीवर येतं कुठून? खोल जमिनीत ग्रॅनाइटचा शिलारस थंड होत आला की शेवटी उरलेल्या गरम द्रवात टंगस्टन, कथील, मॉलिब्डेनम असल्या कुठं न सामावलेल्या धातूंची गर्दी होते. तो द्रव खडकांच्या भेगांत शिरून गारगोटीच्या शिरा तयार झाल्या की काळं, जड वुल्फ्रमाइट हे टंगस्टनचं खनिज मिळतं. तोच द्रव चुनखडीला भिडला तर शीलाइट, टंगस्टनचंच दुसरं खनिज. शीलाइट दिसायला साध्या पांढऱ्या दगडासारखं, पण अंधारात त्यावर अतिनील दिवा धरला तर निळसर चमकतं. ऑस्ट्रियातला मिटरसिलचा साठा १९६७ मध्ये असाच दिवे घेऊन आल्प्सच्या दऱ्यांत हिंडणाऱ्यांना सापडला. माणसं हजारो वर्षं त्या दगडांवरून गुरं घेऊन गेली असतील.

आमच्या बेळगाव शहराखाली यातलं काही नाही. इथं दख्खनचा काळा पाषाण, त्यावर जांभा. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो वालुकाश्म. टंगस्टनच्या दृष्टीनं सगळं कोरडं. शेजारच्या धारवाडचं नाव मात्र भूशास्त्रात जगभर गेलंय. दक्षिण भारताचा जो अतिप्राचीन पाया त्याला धारवाडचंच नाव दिलेलं आहे. त्याच पायातल्या पट्ट्यांत हट्टीचं आणि कोलारचं सोनं आहे, आणि कोलारच्या सोन्याबरोबर शीलाइट येतं. टपरीवरच्या मोबाइलमधलं 'कर्नाटक पहिलं' हे तिथून आलेलं.

जगाचा नकाशा उघडला तर एकाच देशावर बोट अडतं. वर्षाला जगात खाणींतून निघतं साधारण ऐंशी हजार टन टंगस्टन, त्यातलं पाचातलं चार हिस्से चीनमधून. दक्षिण चीनच्या नानलिंग डोंगररांगेत च्यांग्शी आणि हूनान प्रांतांत ग्रॅनाइटच्या पोटात हा माल भरलेला आहे. च्यांग्शीतल्या शीह्वाशानची खाण १९०७ मध्ये सापडली. हूनानमधल्या शीचूयुआनला टंगस्टनबरोबर कथील, बिस्मथ, मॉलिब्डेनम असं सगळं एका ठिकाणी मिळतं. चीनखालोखाल उत्पादन व्हिएतनामचं, तिथल्या नुई फाओ खाणीचं, पण पहिला आणि दुसरा यांच्यात अंतर एवढं की दुसऱ्याला दुसरा म्हणायला संकोच वाटावा. त्याखाली रशिया, उत्तर कोरिया, बोलिव्हिया, रवांडा, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्पेन, पोर्तुगाल.

इथं एक प्रश्न पडायला हवा, आणि तो टपरीवर कुणाला पडला नाही. चीनकडं जगातला साठा निम्म्याच्या थोडा वर आहे. मग उत्पादन ऐंशी टक्के कसं? उरलेला जवळजवळ निम्मा साठा कुणाच्या जमिनीत झोपून आहे?

तो झोपवला गेला, असं मी म्हणेन. १९८०-९० च्या दशकांत चीननं बाजारात एवढा स्वस्त माल ओतला की एकामागून एक खाणींना टाळं लागलं. दक्षिण कोरियाची सांगडाँग ही एके काळी त्या देशाच्या निर्यातीचा कणा असलेली खाण १९९० च्या दशकात बंद पडली. टास्मानियाजवळच्या किंग बेटावरची १९९० मध्ये. आमच्या राजस्थानातलं देगाणाही त्याच दशकात. कॅनडाची कँटंग २०१५ मध्ये थांबली आणि त्याच सुमाराला अमेरिकेतलं उत्पादनही. इंग्लंडात डेव्हनमधली हेमर्डनची खाण २०१५ मध्ये मोठ्या अपेक्षेनं उघडली आणि तीन वर्षांत कंपनी बुडाली. भाव उतरलेला, यंत्रणा नीट चालेना आणि गावकऱ्यांना यंत्रांच्या खोल घुमणाऱ्या आवाजाचा त्रास. या सगळ्या ठिकाणी जमिनीतलं टंगस्टन काल होतं तेवढंच आजही आहे. बदलला तो भाव.

धातुक आणि दगड यांतला फरक आमच्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत होता: ज्या खनिजापासून फायदेशीरपणे धातू मिळवता येतो ते धातुक. 'फायदेशीरपणे' हा शब्द आम्ही पाठ केला आणि विसरलो. त्या शब्दातच सगळं आहे. शांघायमध्ये किंमत पडली की देगाण्याची टेकडी धातुकाची पुन्हा दगडाची होते. म्हणजे 'आपल्याकडं' काय आहे आणि काय नाही हे ठरवणारा माणूस आपल्याकडं नाही.

पोर्तुगालचं उदाहरण इथं सांगायलाच हवं. पानाश्केइराची खाण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या, हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालनं तिथलं आणि आसपासचं वुल्फ्रमाइट हिटलरलाही विकलं आणि ब्रिटिशांनाही. ब्रिटिश तर नुसतं जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून विकत घेत होते. शेतकऱ्यांनी नांगर टाकून गारगोटी फोडायला सुरुवात केली. १९४४ च्या जूनमध्ये दोस्तांच्या दबावाखाली सालाझारनं निर्यात थांबवली आणि हा उन्माद ओसरला. तरी पानाश्केइरा जगली. पुढच्या कैक मंदीत ती बंद पडली नाही, पडली तरी उठली. खाण टिकवायला भूगर्भाइतकाच चिवटपणाही लागतो.

दुसरं उदाहरण आपल्या साम्राज्याचं, म्हणजे ज्यात आपण प्रजा होतो त्याचं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि तिथल्या तव्हॉय भागात भरपूर वुल्फ्रमाइट निघायचं. राज्य इंग्रजांचं. पण धातुक जायचं जर्मनीला. धातुकापासून टंगस्टनची पूड करायचं कसब जर्मनांनी साधलं होतं आणि इंग्लंडातल्या शेफील्डचे पोलादवाले ती पूड जर्मनीकडूनच विकत घ्यायचे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याला कळलं की धातुक आपल्या जमिनीत, पोलादाचे कारखाने आपल्या गावात, पण मधली भट्टी शत्रूकडं. मग धावपळ करून ती इंग्लंडात उभारली. आज चीन जे करतोय ते त्याच गणिताची मोठी आवृत्ती. चीन कच्च्या धातुकापेक्षा पूड, कार्बाइड आणि तयार हत्यारं विकतो. कुलूप लावायला खाणीच्या दारापेक्षा भट्टीचं दार जास्त सोयीचं असतं.

तर आपल्याकडं काय? सरकारी खनिज-सूचीतला २०१५ चा हिशेब असा: देशभर ८ कोटी ७४ लाख टन टंगस्टनचं धातुक, त्यात टंगस्टन ऑक्साइड सुमारे १ लाख ४२ हजार टन. धातुकात कर्नाटकाचा वाटा ४२ टक्के, राजस्थान २७, आंध्र १७, महाराष्ट्र ९. महाराष्ट्राचा वाटा विदर्भातला, नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात. (टंगस्टनच्या नकाशातही माप कर्नाटकाच्याच पारड्यात पडलं, हे सीमाभागातल्या माणसाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. राहू दे.) या सूचीत दोन रकाने असतात. एक, आज काढणं परवडेल असा राखीव साठा. दुसरा, आहे पण आज काढता येणार नाही असं संसाधन. टंगस्टनचा सगळाच्या सगळा आकडा दुसऱ्या रकान्यात आहे. पहिल्यात शून्य. देशात वर्षानुवर्षं टंगस्टनच्या धातुकाचं उत्पादन नाही. लागेल ते बाहेरून येतं.

त्या ४२ टक्क्यांकडं जवळून पाहा. हा वाटा धातुकाच्या वजनाचा आहे, धातूचा नव्हे. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाल्या. मागे राहिले सोनं काढून उरलेल्या दळलेल्या गाळाचे डोंगर. तिथले लोक त्यांना सायनाइडचे ढीग म्हणतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ती पांढरट धूळ वस्तीत शिरते. कर्नाटकाच्या नोंदीत हा गाळ येतो. टनाला नखाएवढं टंगस्टन, पण दळण्याचा खर्च आधीच झालेला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्या ढिगांतून पुन्हा सोनं काढायला मान्यता दिली. माझ्या मते टंगस्टनचाही पहिला हक्क या ढिगांवर आहे. नवी टेकडी फोडावी लागत नाही, कुणाचं शेत जात नाही, आणि उलट कोलारच्या माणसाच्या घरातली धूळ कमी होण्याची शक्यता आहे. मग तिथं लिलावाची घाई का होत नाही आणि मदुराईत का झाली?

मदुराईची गोष्ट आपल्याकडं फार छापून आली नाही, म्हणून थोडी सविस्तर. २०२३ च्या जूनमध्ये केंद्रानं तीस खनिजं अत्यावश्यक म्हणून जाहीर केली, त्यांत टंगस्टन होतं. त्याच वर्षी कायदा बदलून अशा चोवीस खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्रानं स्वतःकडं घेतला. उत्पन्न राज्याला, निर्णय दिल्लीचा. २०२४ च्या नोव्हेंबरात मदुराई जिल्ह्यातल्या नायक्करपट्टी टंगस्टन गटासाठी एका मोठ्या खाण कंपनीची निवड झाली. गट सुमारे २,०१५ हेक्टरांचा. त्यात अरिट्टापट्टीचा भागही आला. हे गाव तमिळनाडूचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ आहे. तिथं पांड्यकाळातलं कातळात कोरलेलं शिवमंदिर, जैन मुनींच्या दगडी शय्या, तमिळ-ब्राह्मी शिलालेख, डोंगराच्या कुशीतली तळी. लोक उठले. ९ डिसेंबरला विधानसभेनं विरोधाचा ठराव केला. जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मदुराईत आला. २३ जानेवारी २०२५ रोजी केंद्रानं तो लिलाव रद्द केला. आणि बरोबर बारा दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, चीननं निर्यातीवर कुलूप घातलं.

हा योगायोग काही लोकांनी लगेच उचलला. देशाला गरज, आणि गावं अडवून बसलीत. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल आमच्याकडंही असंच बोललं गेलं, 'विकास नको यांना'. त्या वेळी जे बांधावर उभे होते त्यांना अरिट्टापट्टीचा माणूस वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कागदावर गट आखणाऱ्याला तळं दिसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. लिलावाआधी ग्रामसभेला विचारलं असतं तर तीन महिने वाया गेले नसते, आणि 'अत्यावश्यक' या शब्दाची लोकांच्या मनातली किंमतही गेली नसती.

पण मी खाणींच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. तसं म्हणणं बेळगावच्या माणसाला शोभणारही नाही. यमनापूरचा ॲल्युमिनाचा कारखाना किती वर्षं चंदगड आणि राधानगरीच्या बॉक्साइटवर चालला हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. सह्याद्रीच्या सड्यांवरून तांबड्या मातीनं माखलेले ट्रक कोल्हापूर जिल्हा ओलांडून बेळगावात यायचे. ज्या सीमेवरून आमची तीन पिढ्यांची भांडणं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात खटला, ती सीमा बॉक्साइटनं रोज ओलांडली. त्याला कुणी विचारलं नाही, तुझी भाषा कोणती. इथं नोकऱ्या झाल्या, घरं उभी राहिली. तिकडं सड्यावर खड्डे राहिले, पठारावरच्या झऱ्यांचं काय झालं हे तिथल्या धनगरवाड्यांना विचारावं. आम्ही फारसं विचारलं नाही. दुसऱ्याच्या डोंगरातून आलेल्या मालाची फक्त किंमत दिसते, मागचा खड्डा दिसत नाही. चीनचं टंगस्टन आम्ही वापरतो तेव्हाही च्यांग्शीच्या नद्यांचं काय होतं ते दिसत नाहीच.

म्हणूनच माझं म्हणणं जमिनीखालच्या नकाशापासून सुरू होत नाही. ते शेडच्या खिडकीतल्या डब्यापासून सुरू होतं.

मी काही वर्षं उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये होतो. ग्राइंडरशेजारच्या खिडकीत रंगाचा रिकामा डबा असायचा. चारही कडा बोथट झालेले इन्सर्ट, टवका उडालेली टिप, तुटलेलं कार्बाइडचं ड्रिल, सगळं त्यात. डबा भरायला दीड-दोन महिने लागायचे. लहान डबा, पण नव्या पोराला एका हातानं उचलता यायचा नाही. टंगस्टन जवळजवळ सोन्याइतकं जड, एका घनसेंटिमीटरला १९ ग्रॅमच्या वर. (सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन भरून फसवण्याचे प्रकार यामुळंच होतात. वजनाचा तराजू ते पकडू शकत नाही.) इन्सर्टच्या वजनात टंगस्टन ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं.

आता वरच्या सरकारी आकड्यांचा भागाकार करा. १ लाख ४२ हजार टन ऑक्साइड, ८ कोटी ७४ लाख टन धातुकात. म्हणजे टनाला १.६ किलो. त्यातलं शुद्ध टंगस्टन सुमारे १.३ किलो. एक किलो जुन्या इन्सर्टमध्ये जेवढं टंगस्टन आहे तेवढं मिळवायला देशी धातुक सहाशे किलोच्या वर फोडावं, दळावं, धुवावं लागेल. हे सुद्धा वाटेत एक कणही वाया न जाता. आमच्या खिडकीतला डबा म्हणजे एक छोटा ट्रकभर डोंगर होता.

आणि त्या डब्यातलं टंगस्टन परत मिळवायची रीत नवी नाही, अवघडही नाही. वितळलेल्या जस्तात तुकडे सुमारे नऊशे अंशांवर ठेवले की जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तुकडा फुगून भुसभुशीत होतो. नंतर निर्वातात जस्त उडवून लावलं की हाती कार्बाइडची पूड राहते, परत दाबायला तयार. मिसळीचा, घाणेरडा माल असेल तर रासायनिक वाट, ज्यात सगळं विरघळवून पुन्हा टंगस्टनचं मीठ बनवतात. जगाला लागणाऱ्या टंगस्टनचा सुमारे तिसरा हिस्सा आजच भंगारातून येतो. ऑस्ट्रियाच्या मिटरसिलचं धातुक ज्या श्टायरिया प्रांतातल्या भट्टीत जातं, तीच भट्टी भंगारही खाते. खाण, भट्टी आणि भंगार यांची सांगड घातल्यामुळं महागडं मनुष्यबळ असलेला तो चिमुकला देश चीनच्या लाटेतही तग धरून राहिला.

आमच्याकडं या सांगडीतला सगळ्यात स्वस्त दुवा रोज हातातून निसटतो. लोखंडाच्या चुऱ्याच्या शेजारी विडियाचा डबा भंगारवाल्याकडं जातो. भाव लोखंडाच्या कैक पट, म्हणून तो रोख आणि गुपचूप. पावती नाही, कुठलं ग्रेड त्याची नोंद नाही. बऱ्याच शेडमध्ये या डब्याचे पैसे दिवाळीला पोरांत वाटायची पद्धत आहे. ती मोडा असं मी म्हणत नाही. उलट ती आहे म्हणूनच डबा जपला जातो, नाहीतर तुकडे चुऱ्यात गेले असते. पण पोरांना चार पैसे जास्त मिळतील आणि माल देशातल्या भट्टीत जाईल अशी सोय उद्योजकांच्या संघटनेनं करणं फार मोठं काम नाही. एक वजनकाटा, ग्रेड तपासायचं एक हातातलं यंत्र, आठवड्यातून एक दिवस गोळा करणारी रिक्षा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या तीन गावांचा डबा एकत्र आला तर एखादी जस्ताची भट्टी चालेल एवढा माल होईल, असं मला वाटतं. हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. या बाबतीत तरी कोल्हापूर-बेळगावच्या मध्ये रेघ नको.

यावर मुद्द्याचा आक्षेप असा: भंगार कधी पुरणार नाही. बोअरच्या बिटवरचं झिजलेलं बटण पाचशे फूट खाली मातीत मिसळलं, ते कुठला डबा परत आणणार? इन्सर्टची झिजलेली कड चुऱ्यातून वितळून बिडात गेली. शिवाय मागणी दरवर्षी वाढते आणि तोफखान्याला, विमानांना लागणारं वेगळंच. हे खरं आहे. भंगार तिसरा हिस्सा देईल, कसून केलं तर थोडं जास्त. उरलेल्यासाठी खाण लागणारच. मग ती अशी लागावी: आधी कोलारचा गाळ. मग देगाण्यासारखी एकदा फुटलेली जागा, जिथं पहिल्या महायुद्धापासून खणलं गेलंय. त्यानंतर, गावाला विचारून, नवी. आणि या सगळ्याआधी सरकारनं एक गोष्ट लेखी द्यावी: चीननं उद्या भाव पाडला तरी आम्ही इतक्या वर्षांसाठी इतक्या किमतीला देशी पूड घेऊ. ही हमी नसेल तर कुठलीही खाण दहा वर्षांत देगाणा होईल. २०२५ च्या जानेवारीत अत्यावश्यक खनिजांच्या अभियानाला १६,३०० कोटींची मंजुरी मिळाली आहे. त्यातला बराच भार शोधावर आहे, आणखी कुठं काय सापडतं यावर. शोध घ्यायला ना नाही. पण आपली अडचण न सापडण्याची नव्हतीच. आपल्याला देगाणा सापडून शंभर वर्षं झाली.

ही हमी महाग पडेल, असं अर्थखातं म्हणेल. पडेल. ऊस-भाताला हमीभाव मागताना आम्हाला हेच उत्तर मिळतं. फरक एवढाच की ऊस दुसऱ्या वर्षी परत लावता येतो. बंद पडून पाण्यानं भरलेली खाण आणि पांगलेले खाणकामगार परत गोळा करायला दहा-दहा वर्षं जातात. सांगडाँग पुन्हा उघडायला किती वेळ आणि पैसा लागला ते कोरियाला विचारावं.

टपरीवरच्या त्या शेडमालकाला मी पुढच्या आठवड्यात हे सगळं सांगायला बसलो. अर्धं ऐकलं असेल. म्हणाला, "म्हणजे आमच्या डब्यात खाण आहे म्हणतोस." मी म्हटलं, हो. त्याला गंमत वाटली. तेवढ्यात नेमका त्याचा भंगारवाला सायकल ढकलत आला, मागं पोत्यात कुठल्या तरी दुसऱ्या शेडचा माल. मालकानं त्याला थांबवून विचारलं, "काय रे, हे विडिया नेतोस ते कुठं देतोस?"

"मिरजेला."

"मिरजेस्नं पुढं?"

त्यानं सायकल स्टँडवर लावली, टॉवेलनं मान पुसली. "पुढचं कुणाला म्हाईत, साहेब. मुंबईचा एक माणूस येऊन न्हेतोय." मग डब्याकडं बघून म्हणाला, "आज देताय काय? रेट वाढलाय."